पीएसपी गो : ज्यांच्याकडे आधीपासून पीएसपी होता, त्यांच्या पदरात काय पडले?

गोदातीर

नमस्कार मंडळी.

माझ्या भाच्याने लातुरात एक वापरलेला पीएसपी गो, म्हणजे सोनीच्या पीएसपी या हातात धरून गेम खेळायच्या यंत्राचा एक प्रकार, हेरून ठेवला आहे. घरात माझा जुना पीएसपी-३००० आणि त्याच्या डिस्क आहेत, त्या नव्या यंत्रावर चालतील अशी त्याची समजूत होती. त्या चालणार नाहीत हे सांगितल्यावर त्याने विचारले, "मग जुन्या माणसांनी हे घ्यायचे तरी कशासाठी?" प्रश्न मला रास्त वाटला आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. सोनीचा पहिला पीएसपी डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये आला. त्याचे गेम यूएमडी नावाच्या लहान डिस्कवर मिळत. ही डिस्क प्लॅस्टिकच्या कवचात बसवलेली असे आणि तिच्यावर १.८ जीबीपर्यंत मजकूर मावत असे. जून २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सोनीने पीएसपी गो जाहीर केला आणि १ ऑक्टोबर २००९ रोजी तो अमेरिका व युरोपात विक्रीला आला. पडदा वर सरकवला की खालून बटणे दिसत, आत १६ जीबीची साठवण होती, ब्लूटूथ होते, वजनही कमी होते. यूएमडीची जागा मात्र पूर्णपणे काढून टाकलेली होती. गेम हवा असेल तर तो सोनीच्या ऑनलाइन दुकानातूनच उतरवून घ्यायचा, दुसरा अधिकृत मार्ग नाही.

नव्या गिऱ्हाइकासाठी हा सौदा एक वेळ समजण्यासारखा होता. ज्याच्याकडे काहीच नाही त्याचे काही जातही नाही. परंतु २००९ पर्यंत जगभरात पाच कोटींच्या आसपास पीएसपी विकले गेले होते, आणि ज्याने चार-पाच वर्षांत एकेक करून डिस्क जमवल्या होत्या त्याला हे यंत्र सांगत होते की तुझा संग्रह इथे शून्य धरला जाईल. माझा आक्षेप नेमका इथे आहे. एखाद्याने कंपनीवर जितका जास्त खर्च केला असेल तितका त्याचा तोटा मोठा, अशी ही रचना होती. दोन डिस्क असलेल्याचे दोन गेम गेले आणि तीस असलेल्याचे तीस गेले.

त्यात किंमतही उलटी होती. अमेरिकेत पीएसपी गो सुमारे २५० डॉलरला होता आणि त्याच सुमारास डिस्क चालवणारा पीएसपी-३००० हा १७० डॉलरच्या आसपास आला होता. म्हणजे डिस्क चालवण्याची सोय काढून घेतलेल्या यंत्रासाठी जवळपास ८० डॉलर जास्त मोजायचे, पडदाही ४.३ इंचांऐवजी ३.८ इंचांचा घ्यायचा आणि वर आपल्याकडे असलेले गेम पुन्हा पहिल्यापासून विकत घ्यायचे.

जुन्या डिस्कच्या बदल्यात डाउनलोड प्रत देण्याची काही योजना असेल असे संकेत त्या उन्हाळ्यात सोनीकडून मिळत होते. यंत्र बाजारात येण्याच्या तोंडावर, सप्टेंबरच्या अखेरीस, कायदेशीर आणि तांत्रिक कारणांमुळे अशी योजना येणार नाही असे सांगण्यात आले. युरोपात जुन्या मालकांना ठरावीक यादीतले तीन गेम मोफत देण्याची व्यवस्था झाली, पण ते गेम त्यांच्याकडच्या डिस्कवरचे नव्हते. अडचणी खऱ्या होत्या हे मी नाकारत नाही. प्रत्येक गेमचे हक्क वेगवेगळ्या प्रकाशकांकडे असतात, आणि एकाने डिस्क दाखवून प्रत घेतली व तीच डिस्क दुसऱ्या दिवशी विकली तर काय करायचे, हा प्रश्न अवघड आहेच. मात्र हे प्रश्न यंत्राचा आराखडा काढला त्या दिवशीही समोर होते. त्यांचे उत्तर सापडेपर्यंत थांबायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यापैकी कोणी त्या काळात हे यंत्र वापरले असेल, विकले असेल किंवा मुद्दाम घेतले नसेल, तर सविस्तर लिहावे ही विनंती.

बालाघाट

गोदातीर, आपण किमतीचे बोललात. आमच्या अंबाजोगाईत त्याआधीच घोडे अडत असे, ते इंटरनेटपाशी.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट इतक्या वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते, आणि मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी २००९ साली टेलिफोनच्या तारेवरून जे मिळायचे ते त्याच्याच आसपास असे. आता हिशेब करून पाहा. १.६ जीबीचा एक गेम या वेगाने उतरवायचा तर, वेग एकदाही न घसरता, सुमारे १४ तास लागतात. तेव्हा आमच्याकडे रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेत वापर मोफत असलेली योजना लोकप्रिय होती, कारण दिवसाचा डेटा मोजून मिळत असे. त्या सहा तासांच्या हिशेबाने एका गेमला दोन रात्री पुऱ्या पडत नाहीत, तिसरी लागते. त्यात भारनियमन. वीज गेली की राउटर बंद, राउटर बंद झाला की डाउनलोड अर्ध्यावर.

डिस्कला यातले काहीच लागत नव्हते. पुण्याहून येणाऱ्या चुलत भावाने एसटीत बसताना पिशवीत एक डिस्क टाकली की संध्याकाळी आम्ही खेळत असू. ज्याच्याकडे आधीपासून पीएसपी होता त्याला ही सोय अंगवळणी पडलेली होती, आणि नवे यंत्र घेताना ती हातची सोडावी लागणार होती.

आज फायबर आले आहे, मोबाइलवर दिवसाला दीड-दोन जीबी सहज मिळते, म्हणून तरुण मुलांना ही अडचण फार जुनी वाटेल. पण ज्या वर्षी यंत्र विकले त्या वर्षीच्या गिऱ्हाइकाचा विचार त्याच वर्षीच्या सोयींवरून व्हायला हवा.

मोंढ्यावरचा

माझे जालन्याला मोबाइल आणि गेमचे दुकान होते, आता फक्त दुरुस्ती करतो. व्यापाराच्या बाजूने सांगतो.

डिस्कच्या धंद्यात नवी डिस्क विकून आम्हाला फारसे सुटत नसे. खरा व्यवहार अदलाबदलीचा होता. मुलगा संपवलेला गेम आणून द्यायचा, वर थोडे पैसे टाकायचा आणि दुसरा न्यायचा. यामुळे हजार रुपयांची डिस्क घेणाऱ्याला ती प्रत्यक्षात हजाराला पडतच नसे, कारण तिची निम्मीशिम्मी किंमत परत मिळणार हे त्याला ठाऊक असे. आईवडीलही त्याच भरवशावर पैसे देत. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही, बदलता येत नाही, धाकट्या भावाच्या खात्यावर चढवता येत नाही. किंमत कागदावर तेवढीच दिसली तरी खिशातून जाणारी रक्कम वाढते.

दुसरी गोष्ट अशी की डिस्क चार दुकानांत मिळते, म्हणून चार भाव असतात. दिवाळीनंतर पडून राहिलेला माल आम्ही स्वतःच कमी भावात काढत असू. ऑनलाइन दुकान एकच असेल तर भाव ठरवणाराही एकच उरतो. माल जागा अडवत नाही, त्यामुळे तो स्वस्तात काढण्याची निकडही त्याला नसते. नेदरलँड्समधल्या एका दुकानदाराने तर त्या वेळी पीएसपी गो ठेवायलाच नकार दिला होता. यंत्र एकदा विकले की त्या गिऱ्हाइकाने परत दुकानात येण्याचे कारणच राहत नाही, हे त्याला दिसले होते. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

तेरणाकाठ

मोंढ्यावरचे दादा, तुम्ही डिस्कचे सांगितले, मी बाकीच्या सामानाचे सांगते, कारण त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

माझ्या पीएसपीचा डबा आजही कपाटात आहे. त्यात मेमरी स्टिक प्रो ड्युओचे कार्ड आहे, एक जास्तीची बॅटरी आहे, मिनी यूएसबीची वायर आहे आणि दूरचित्रवाणीला जोडायची केबल आहे. पीएसपी गोला यातले काहीही जसेच्या तसे लागत नाही. त्याला मेमरी स्टिक मायक्रो, म्हणजे एम-२ जातीचे वेगळे कार्ड लागते. खालचे जोडणीचे तोंड सोनीचे स्वतःचे, नव्याच आकाराचे आहे, त्यामुळे चार्जिंगची वायरसुद्धा वेगळी. जुन्या उपकरणांसाठी जोडपट्टी (अडॅप्टर) निघाली होती, पण तीही पुन्हा पैसे देऊनच घ्यायची.

मला सर्वांत जास्त खटकली ती बॅटरी. जुन्या पीएसपीची बॅटरी मागचे झाकण सरकवून हाताने काढता येते. आमच्या धाराशिवला उन्हाळ्यात दिवसा वीज नसायची तेव्हा मी एक बॅटरी यंत्रात आणि दुसरी भरून डब्यात ठेवत असे. पहिली संपली की ती काढून दुसरी घालायची. पीएसपी गोची बॅटरी आत बंद आहे आणि ती ९३० एमएएचची आहे, पीएसपी-३००० ची १२०० आणि अगदी पहिल्या पीएसपीची तर १८०० होती. पडदा लहान आणि डिस्क फिरवण्याचे काम नाही, त्यामुळे वीज कमी लागते हे खरे आहे. पण संपल्यावर बदलता येत नाही, याला त्याने काय फरक पडतो? आणि बॅटरी म्हातारी होतेच, तेव्हा डिस्कवाला माणूस दुकानातून नवी आणून घालतो आणि गो-वाला यंत्र खोलायला कारागीर शोधतो.

खेळाची जतन केलेली प्रगती संगणकामार्फत नव्या यंत्रावर नेता येत असे. पण तो गेमच नव्या यंत्रावर नसेल तर ती प्रगती घेऊन करायचे काय?

वेरूळवासी

सर्वांचे म्हणणे वाचले. मी पीएसपी गो आवडीने वापरलेला माणूस आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य समजतो.

यंत्र खिशात मावत असे, जुना पीएसपी मावत नसे. डिस्क फिरण्याचा आवाज नाही, आणि अनेक गेम लवकर उघडत. खेळ मध्येच थांबवून, बाकीची कामे उरकून, नेमके त्याच जागी परत येण्याची सोय त्यात होती. ब्लूटूथमुळे प्लेस्टेशन ३ या सोनीच्या टीव्हीला जोडायच्या यंत्राचा कंट्रोलर जोडता येई. यूएमडीचे कवच दुभंगते, लेन्सवर धूळ बसते, डिस्कचा दरवाजा सैल होतो, हे सगळे इथल्या प्रत्येकाने पाहिले असेल. या फिरत्या भागांपासून सुटका होणे ही लहान गोष्ट नव्हती.

मुख्य मुद्दा असा की, कोणाचे यंत्र काढून घेतले गेले नव्हते. पीएसपी-३००० बाजारात चालूच होता. ज्याला डिस्क हव्या होत्या त्याने तो ठेवावा, ज्याला डाउनलोड हवे त्याने गो घ्यावा. यात जुन्या मालकाचा अपमान कुठे झाला हे मला समजत नाही.

गोदातीर

वेरूळवासी, आपला प्रतिसाद मनापासून आवडला आणि यंत्राच्या गुणांबद्दल माझा वाद नाही. हलकेपणा, शांतपणा आणि खेळ थांबवण्याची सोय हे तिन्ही खरे गुण आहेत.

"कोणाचे काढून घेतले नाही" हा युक्तिवाद मात्र मला अपुरा वाटतो. जुन्या मालकाची तक्रार त्याचे जुने यंत्र बंद पाडल्याची नव्हतीच. नव्या यंत्राची जाहिरात त्याच घराण्यातले, त्याच गेमांचे यंत्र म्हणून झाली होती. तेच गेम आहेत, तीच नियंत्रणे आहेत, पडद्याचे ४८० बाय २७२ हे रिझोल्यूशनही तेच आहे. अशा वेळी आपण पैसे देऊन घेतलेला गेम त्याच कंपनीच्या त्याच घराण्यातल्या यंत्रावर चालावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. शिवाय काही गेम डाउनलोड स्वरूपात आलेच नाहीत. 'क्रायसिस कोअर : फायनल फँटसी सेव्हन' आणि 'किंग्डम हार्ट्स : बर्थ बाय स्लीप' हे पीएसपीच्या सर्वांत नावाजलेल्या गेमांपैकी, पण ते पीएसपीसाठी डाउनलोडवर कधी विकलेच गेले नाहीत. ज्याच्याकडे या डिस्क आहेत तो पुन्हा पैसे मोजायला तयार असला तरी त्याला पीएसपी गोवर ते गेम अधिकृतपणे खेळता येत नाहीत. निवड होती असे आपण म्हणता, पण इथे ती पैसे देऊनही मिळत नव्हती.

तांत्रिक अडचणीच्या कारणाबद्दलही एक गोष्ट नोंदवायला हवी. २०११ च्या अखेरीस पीएस व्हिटा हे सोनीचे पीएसपीनंतरचे यंत्र जपानमध्ये आले, त्यालाही यूएमडी चालत नव्हत्या. त्या वेळी सोनीने जपानपुरती 'यूएमडी पासपोर्ट' नावाची योजना काढली. जुन्या पीएसपीत डिस्क घालून तिची नोंदणी करायची आणि मग थोडे पैसे भरून त्याच गेमची डाउनलोड प्रत घ्यायची. ती मोफत नव्हती, सर्व गेम तिच्यात नव्हते, जपानबाहेर ती आलीही नाही. तरीसुद्धा डिस्क कोणाकडे आहे हे यंत्राला ओळखता येते आणि प्रकाशकांशी बोलून सवलत देता येते, एवढे तिने दाखवून दिले. जे २०११ मध्ये जमले ते २००९ मध्ये अगदीच अशक्य होते हे मानायला माझे मन तयार नाही.

पुढचा क्रमही बोलका आहे. एप्रिल २०११ मध्ये पीएसपी गोचे उत्पादन थांबल्याचे स्पष्ट झाले. त्याच वर्षी युरोपात सोनीने पीएसपी ई-१००० हे स्वस्त यंत्र आणले. त्यात वाय-फाय नव्हते आणि यूएमडीची जागा होती. डिस्क जुनी झाली म्हणून जिला काढून टाकले, तिच्याच भरवशावर दोन वर्षांनी १०० युरोंच्या आतबाहेरचे यंत्र विकावे लागले.

कंधार

धाग्यात अजून सोनीचे ऑनलाइन दुकान बंद होण्याचा विषय आलेला नाही, आणि आज वापरलेले यंत्र घेणाऱ्यासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

पीएसपीवरचे ऑनलाइन दुकान २०१६ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाले होते. मार्च २०२१ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ (पीएस ३), व्हिटा आणि पीएसपी या तिघांचीही दुकाने बंद करण्याचे जाहीर केले. लोकांनी इतका विरोध केला की एप्रिलमध्ये पहिल्या दोघांबाबतचा निर्णय मागे घेण्यात आला. पीएसपीला मात्र ती सवलत मिळाली नाही आणि जुलै २०२१ पासून त्यावरून खरेदीची उरलीसुरली सोयही संपली. पीएसपीचे गेम पीएस ३ किंवा व्हिटाच्या दुकानातून घेऊन केबलने पीएसपीवर नेता येतात, पण त्यासाठी आधी घरात पीएस ३ किंवा व्हिटा हवा. ऑक्टोबर २०२१ पासून त्या दुकानांत थेट कार्डाने पैसेही देता येत नाहीत, आधी वेबसाइटवरून किंवा दुसऱ्या मार्गाने खात्यात रक्कम भरून ठेवावी लागते.

डिस्क चालणाऱ्या पीएसपीच्या मालकाला या सगळ्याची झळ फारशी लागली नाही. त्याच्या डिस्क काल चालत होत्या तशा आजही चालतात. गोच्या मालकाला दुकान हा एकच दरवाजा होता आणि तोच बंद झाला.

आणखी एक बारीक पण अडवणारी गोष्ट. पीएसपीचे वाय-फाय ८०२.११ बी या खूप जुन्या प्रकाराचे आहे आणि त्याला डब्ल्यूपीए-२ ही वाय-फायची नंतरची सुरक्षा पद्धत कळत नाही. माझ्याकडे नवा फायबर राउटर बसवला तेव्हा पीएसपीला त्याचे नाव यादीत दिसत होते, पण जोडणी होत नव्हती. शेवटी एक जुना राउटर वेगळा लावून, त्यावर डब्ल्यूपीए ही आधीची पद्धत ठेवून काम भागवले. आता दुकानच नाही म्हणून याचे महत्त्व कमी झाले असले तरी, आधी विकत घेतलेले गेम पुन्हा उतरवण्यासाठी ही खटपट करावी लागू शकते. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावली असेल तर नेहमीचा पासवर्ड यंत्र स्वीकारत नाही, त्यासाठी संकेतस्थळावर जाऊन त्या यंत्रापुरता वेगळा पासवर्ड तयार करावा लागतो.

वेरूळवासी

कंधार, दुकानाबाबतचे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. २००९ साली यंत्र हातात घेताना ते दुकान इतक्या लवकर जाईल असा विचार आम्हा कोणाच्या मनात आला नव्हता. आजच्या घडीला वापरलेला गो मुख्य यंत्र म्हणून घ्यावा असे मी कोणालाही सुचवणार नाही. संग्रहासाठी घेत असाल तर गोष्ट वेगळी.

बालाघाट

इथे निन्टेन्डो या सोनीच्या प्रतिस्पर्धी कंपनीचीही नोंद व्हावी. त्यांनीही आपल्या जुन्या यंत्रांपैकी डीएसआयचे दुकान २०१७ मध्ये आणि थ्रीडीएस व वी यूचे २७ मार्च २०२३ रोजी बंद केले, म्हणजे दुकाने बंद होण्याचे दुखणे एकट्या सोनीचे नाही. पण २०२५ च्या स्विच २ या यंत्रात त्यांनी जुन्या स्विचच्या कार्ट्रिजची खाच कायम ठेवली, आणि ज्याच्याकडे जुना संग्रह आहे त्याला नवे यंत्र घेताना, थोडे अपवाद सोडले तर, मागचे गेम सोडावे लागले नाहीत. जुन्या मालकाला धरून पुढे जाता येते ते असे. त्याच यंत्रासाठी काही गेम मात्र अशा कार्डांवर येत आहेत की ज्यांत गेम नसतो, केवळ तो उतरवण्याची किल्ली असते. ते कार्ड विकता येते हे बरे, पण दुकानाचा सर्व्हर बंद झाल्यावर त्याचे काय होणार, ही चिंता तिथेही आहेच.

मोंढ्यावरचा

ज्यांना तरीही जुने यंत्र घ्यायचे आहे त्यांच्यासाठी दुरुस्तीच्या टेबलावरून चार गोष्टी लिहितो.

गो घेत असाल तर पडदा सावकाश वरखाली सरकवून पाहा आणि सरकवताना चित्र थरथरते का, ते बघा. तसे होत असेल तर पडद्याला जोडणारी आतली पट्टी गेलेली असते. यंत्र पाठीवर ठेवून सपाट बसते का, हेही तपासा. डगमगत असेल तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी. चार्जिंगची मूळ वायर सोबत मिळत नसेल तर किमतीतून तेवढे कमी करून मागा. आत भरलेले गेम दाखवून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. ते आधीच्या मालकाच्या खात्याशी बांधलेले असतात. यंत्र एकदा मूळ स्थितीला आणले की तुमच्या हाती रिकामी १६ जीबी उरते.

पीएसपी-३००० घेत असाल तर एखादी डिस्क सोबत न्या आणि दुकानातच गेम पाच-दहा मिनिटे चालवून पाहा, केवळ सुरुवातीचे चित्र दिसले म्हणून समाधान मानू नका. लेन्स कमजोर असेल तर ती पुढच्या टप्प्यावर अडकते. मूळ बॅटरी बहुधा संपलेलीच असते, ती बदलायची तयारी ठेवा. मेमरी स्टिकऐवजी मायक्रो एसडी कार्ड बसवण्याची जोडपट्टी मिळते आणि ती व्यवस्थित चालते. डिस्कचे कवच उकलले असेल तर डिस्क फेकू नका, कडेला अगदी थोडा गोंद लावून ते परत बसवता येते, मात्र गोंद पूर्ण वाळल्याशिवाय ती यंत्रात घालू नये.